संध्याकाळच्या युनिटला भाव द्या

छतावर पॅनेल बसवा, ७८ हजार रुपये अनुदान घ्या आणि विजेचं बिल विसरा. ही जाहिरात आता एसटी स्टँडपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सगळीकडे आहे. अनुदान खरं आहे, मिळतंही. बिलाची गोष्टही बरीचशी खरी आहे. पण या व्यवहारातून एक वस्तू गायब आहे आणि तिच्याबद्दल विक्रेता बोलत नाही, वीज कंपनी बोलत नाही, सरकारही बोलत नाही. ती वस्तू म्हणजे बॅटरी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: सरकार पैसा दुपारच्या विजेवर ओततंय आणि टंचाई संध्याकाळी आहे.

आधी चांगल्याला चांगलं म्हणू. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. ७५,०२१ कोटींची तरतूद, एक कोटी घरांचं लक्ष्य. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि त्यापुढे कितीही पॅनेल लावा, हिशोब ७८ हजारांवर थांबतो. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट मोकळं, सावली न पडणारं छत लागतं आणि महिन्याला साधारण शंभर ते सव्वाशे युनिट हाती येतात. दहा किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीच्या नावाखाली लटकवून ठेवायचा नाही, तो मंजूरच समजायचा, असा केंद्राचा नियमही त्याच वर्षी झाला. गुजरातपाठोपाठ महाराष्ट्र या योजनेत पुढे आहे. २०२२ पर्यंत देशभरातल्या छतांवर ४० हजार मेगावॅट उभारायचे होते आणि आपण त्याचा पाव भागही गाठला नव्हता, हे ज्यांना आठवतं त्यांना आजच्या वेगाचं मोल कळेल.

राज्याने यात स्वतःची भरही घातली. महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या घरांसाठी ‘स्मार्ट’ नावाची योजना २०२५ मध्ये आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एका किलोवॅटसाठी केंद्राचे ३० हजार आणि राज्याचे साडेसतरा हजार. घरच्यांनी घालायचे अडीच हजार. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छोट्या घरावर स्वतःची वीज तयार होणं ही मोठी गोष्ट आहे. या पैशाला मी उधळपट्टी म्हणणार नाही. तो योग्य जागी चाललाय.

मग तक्रार कशाची?

मे महिन्यातली भर दुपार. कोपऱ्यावरच्या डीपीवर मोठा आवाज झाला आणि आमच्या गल्लीतली लाइट गेली. तीनच महिन्यांपूर्वी गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलेल्या एका काकूंना वाटलं, आपलं घर सुरू राहील. पंखा थांबला. फ्रिजही थांबला. त्या गच्चीवर गेल्या तर पॅनेल तापून चटका बसेल इतकी गरम, डोक्यावर सूर्य आग ओकतोय आणि जिन्यातल्या इन्व्हर्टरवर लाल दिवा. त्यांनी बसवणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, ‘काकू, ही ऑन-ग्रिड सिस्टिम आहे. लाइन गेली की हीपण बंद होते.’ काकूंचा प्रश्न सरळ होता: ‘पॅनेल माझी, ऊन फुकटचं, मग पंखा का बंद?’

उत्तर तांत्रिक आहे आणि बरोबरही आहे. लाइन बंद असताना घराघरांतून वीज उलटी तारेत जात राहिली तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. म्हणून ग्रिड गेली की इन्व्हर्टरने स्वतःला बंद करून घ्यायचं, हा नियम आहे आणि तो हवाच. पण मग लाइट गेल्यावर घर सुरू ठेवायचं असेल तर बॅटरी आणि तिच्याशी जुळणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्यासाठी सूर्यघर योजनेत एक रुपयाही जास्तीचा नाही. अनुदान मोजलं जातं ते पॅनेलच्या किलोवॅटवर. बॅटरी हवी असेल तर स्वतःच्या खिशातून घ्या. तीही लहानसहान रक्कम नाही; पाच युनिट साठवणाऱ्या चांगल्या लिथियम बॅटरीची किंमत लाखाच्या घरात जाते.

कोकणातल्या वाचकांना हे जास्त समजावून सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. खांब काडीसारखे मोडले आणि रायगड-रत्नागिरीतली कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. विहिरीवरचा पंप बंद, मोबाइल बंद, टॉवर बंद. पुढच्याच वर्षी तौक्ते. अशा वेळी गावातल्या दहा छतांवर ऑन-ग्रिड पॅनेल असती तरी त्यातली एकही कामाला आली नसती. दोन छतांखाली बॅटरी असती तर गावाचे फोन तरी चार्ज झाले असते.

तरीही वादळ हा अपवाद आहे. खरा मुद्दा रोजचा आहे.

तीन किलोवॅटच्या घराचा एक दिवस पाहा. पॅनेल दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज करतात. दुपारी घरात कोण असतं? मुलं शाळेत, मोठी माणसं कामावर. फ्रिज आणि एखादा पंखा धरून दोन-तीन युनिट घरात लागतात, बाकीची नऊ तारेतून बाहेर जातात. संध्याकाळी सहा-साडेसहाला छत थंडावतं आणि घर जागं होतं. दिवे, टीव्ही, मिक्सर, गीझर, एसी. ही सगळी वीज पुन्हा तारेतून आत येते. नेट मीटर आत आलेल्या युनिटांतून बाहेर गेलेली वजा करतो. बिलावर दोन आकडे छापून येतात, इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट, आणि त्यांची वजाबाकी होते. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात. ३१ मार्चला जे उरेल ते कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर आपण देतो त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावाच लागतो, त्यामुळे शून्य बिल असं काही नसतं. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवं.

ग्राहकाच्या बाजूने ही व्यवस्था उत्तम आहे. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिट ओलांडले की पुढच्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास जातो, म्हणून वरच्या टप्प्यातलं प्रत्येक युनिट वाचवणं म्हणजे खरा पैसा वाचवणं.

कंपनीच्या बाजूने पाहा. दुपारी साडेबाराला तुम्ही दिलेलं युनिट आणि रात्री आठला तुम्ही घेतलेलं युनिट हिशोबात सारखं धरलं जातं, पण ते सारखं नाही. दुपारी वीज मुबलक आहे आणि आणखी होणार आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीच्या फीडरसाठी १६ हजार मेगावॅटची सौरऊर्जा उभी राहतेय. राजस्थान-गुजरातेत सौर प्रकल्पांची रांग लागली आहे. वीज बाजारात दर पंधरा मिनिटांचा वेगळा भाव निघतो. उन्हाळ्यात तिथे दुपारी भाव कोसळतो आणि सूर्य मावळल्यावर अनेकदा दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत जाहीर केली, ती यामुळेच. दुपारी वीज स्वस्त पडते, हे कंपनीच तुम्हाला सांगतेय.

म्हणून कंपनी म्हणते, सोलरवाले दुपारी स्वस्त माल देतात आणि रात्री महाग माल उचलतात. वर जे सोलर बसवतात ते बहुतेक जास्त दराच्या टप्प्यातले ग्राहक, म्हणजे ज्यांच्या जिवावर गरिबांची वीज स्वस्त ठेवता येते तेच निसटतात. २०२५ च्या वीजदर याचिकेच्या वेळी हा वाद चांगलाच पेटला होता. छतवाल्यांनी हरकतींचा पाऊस पाडला.

मी दोन्ही बाजूंना एकच सांगेन. कंपनीचं दुखणं खरं आहे, पण नेट मीटरिंगचा गळा आवळणं हे त्यावरचं औषध नाही. लोकांनी तुमच्याच जाहिराती वाचून कर्ज काढून पॅनेल लावली. आता हिशोबाची पद्धत बदलून त्यांची वर्षांची गणितं मोडाल तर पुढचा माणूस तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. दुपारच्या युनिटची किंमत कमी करण्यात वर्षं घालवण्यापेक्षा संध्याकाळच्या युनिटची किंमत वाढवा. घराघरात बॅटरी येऊ द्या आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळात त्या बॅटरीतून जे युनिट तारेत येईल त्याला चांगला भाव द्या. कंपनी तेच युनिट बाजारातून घेते तेव्हा मोजते त्याच्या जवळपास जाणारा भाव.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. संध्याकाळच्या विजेला वेगळी किंमत असते हे या राज्याला साठ वर्षांपासून माहीत आहे. कोयना कशासाठी चालवतो आपण? धरणातलं पाणी दिवसभर सारखं सोडत नाही. मागणी चढली की जनित्रं फिरवतो. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला तर २५० मेगावॅटचा प्रकल्प याच कल्पनेवर उभा आहे. वीज स्वस्त असताना पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवायचं आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज काढायची. वीज साठवायची गरज, तिचा खर्च, तिचा फायदा हे सगळं आपल्या अभियंत्यांना तोंडपाठ आहे.

मोठ्या बॅटऱ्यांसाठी सरकारने पैसाही दिला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ४ हजार मेगावॅट-तास क्षमतेच्या बॅटरी प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मंजूर केली. कंपन्यांनी निविदा भरायच्या, माळरानावर कंटेनर उभे करायचे, वीज मंडळांना सेवा विकायची. करू देत. हवंच आहे ते. पण जी मदत निविदा भरणाऱ्या कंपनीला मिळते ती गच्चीच्या मालकाला का नाही? उलट त्याच्याकडून कर जास्त घेतला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सुटी बॅटरी घ्यायला जा, १८ टक्के.

वीज वितरण कंपन्यांसाठीसुद्धा सूर्यघर योजनेत प्रोत्साहन आहे, ४,९५० कोटींचं. ज्या कंपनीच्या भागात छतांवरची क्षमता ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त वाढेल तिला बक्षीस. मोजमाप कशाचं? पुन्हा किलोवॅटचं. किती छतांनी संध्याकाळी तारेला हातभार लावला, हे कोणी विचारत नाही. ज्याचं मोजमाप नाही त्याच्यासाठी कोणता अधीक्षक अभियंता धावपळ करील?

आता एक साधा गुणाकार करा. पाच युनिट साठवणारी बॅटरी दोन किलोवॅटच्या दराने अडीच तास वीज देते. अशी दहा लाख घरं धरा. दोन हजार मेगावॅट झाले. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे दहा लाख घरांच्या जिन्यांत मिळून एक कोयना. तिच्यासाठी एकही गाव पाण्याखाली जात नाही, डोंगर पोखरावा लागत नाही, नवी उच्चदाब वाहिनी ओढावी लागत नाही, कारण वीज जिथे लागते तिथेच साठलेली असते. डीपीवरचा संध्याकाळचा भार कमी होतो तो वेगळाच. बॅटरीतून वीज आत-बाहेर जाताना थोडी गळते, सगळ्या बॅटऱ्या एकाच वेळी भरलेल्या नसतात, हे मान्य. निम्मं जरी हाती लागलं तरी हजार मेगावॅट होतात.

आणि पुणेकरांनी तर हे करून दाखवलेलं आहे. आजच्या तिशीतल्या वाचकांना २००६ चं भारनियमन अंधुक आठवत असेल. गावांत बारा-बारा तास, शहरांत काही तास. त्या वर्षी पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला. शहरातल्या कारखान्यांकडे स्वतःची डिझेलवर चालणारी जनित्रं होती. कारखानदारांच्या सीआयआय या संघटनेने प्रस्ताव दिला: टंचाईच्या वेळी आम्ही आमची जनित्रं चालवतो, आमच्या वाट्याची ग्रिडची वीज शहराला द्या. डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून रिलायबिलिटी चार्ज म्हणून वसूल करायचा. वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि पुणं भारनियमनातून बाहेर आलं.

यातून मला एकच गोष्ट उचलायची आहे. विखुरलेल्या मालकांकडे असलेली क्षमता टंचाईच्या तासांसाठी वापरायची, त्यांना त्याचा मोबदला द्यायचा, आणि तो नियामक आयोगाच्या शिक्क्याने हिशोबात धरायचा, हे महाराष्ट्रात झालेलं आहे. तेव्हा धूर सोडणाऱ्या डिझेलला पैसे दिले. आज उन्हाने भरलेल्या बॅटरीला देताना हात आखडता घेण्याचं कारण नाही.

भारनियमनाच्या त्या वर्षांनी आपल्या घरांत आणखी एक गोष्ट ठेवून दिली आहे, इन्व्हर्टर. लाखो घरांच्या गॅलरीत, जिन्याखाली अजून शिशाच्या बॅटऱ्या पडून आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी डिस्टिल्ड वॉटर घालतं. या बॅटऱ्या ग्रिडच्या विजेवर चार्ज होऊन बसतात आणि लाइट गेली तरच जाग्या होतात. बॅटरी ही कल्पना मराठी घराला नवी नाही, महागही वाटलेली नाही. सरकारच्या पैशाशिवाय माणसांनी ती घेतली, कारण गरज होती. ती गरज आणि ग्रिडची गरज यांची गाठ घालून देणं एवढंच धोरणकर्त्यांचं काम आहे.

बाहेर पाहायचं तर अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य पाहा. वस्ती सुमारे साडेसहा लाख, बर्फाचा प्रदेश, वादळांनी तारा तुटणं नेहमीचं. तिथली ग्रीन माउंटन पॉवर ही वीज कंपनी २०१७ पासून ग्राहकांच्या घरात बॅटरी बसवते. दोन बॅटऱ्या, महिना ५५ डॉलर भाडं, दहा वर्षांचा करार. लाइट गेली की घर बॅटरीवर चालतं. मागणी शिगेला पोचली की कंपनी त्याच बॅटऱ्यांतून वीज ओढते आणि बाजारातली महाग खरेदी टाळते. स्वतःची बॅटरी आणणाऱ्याला कंपनी साडेदहा हजार डॉलरपर्यंत देते, अट एवढीच की मागणीच्या वेळी तिचा वापर करू द्यायचा. सुरुवातीला या योजनेत किती ग्राहक घ्यायचे यावर मर्यादा होती. मागणी एवढी आली की तिथल्या नियामकाने २०२३ मध्ये ती मर्यादा उठवली. भरपाईची रक्कम करदात्याकडून येत नाही, कंपनीच्या वाचलेल्या खरेदीतून येते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. अनुदान संपतं, वाचलेला पैसा दरवर्षी वाचतो.

कॅलिफोर्नियाने उलट टोकाने सुरुवात केली. एप्रिल २०२३ पासून नव्या सोलर ग्राहकांनी बाहेर पाठवलेल्या विजेचा मोबदला जवळपास तीन चतुर्थांशाने कमी केला. बॅटरी घेणाऱ्यांचं प्रमाण त्यानंतर वाढलं हे खरं, पण आधी नव्या मागण्या आटल्या, छोटे कंत्राटदार बुडाले, बसवणाऱ्या कामगारांची रोजी गेली. आपल्याकडच्या ज्या कोणाला नेट मीटरिंग आधी कापायचं आहे त्यांनी हे नीट वाचावं. ऑस्ट्रेलियात चाळीस लाखांहून जास्त छतांवर पॅनेल झाल्यावर सरकारला कळलं की दुपारी वीज जास्त होतेय. जुलै २०२५ पासून त्यांनी घरगुती बॅटरीच्या किमतीत सुमारे ३० टक्के सूट सुरू केली. आपली छतं अजून तेवढी भरलेली नाहीत, म्हणजे आपल्याला आधीच शहाणं व्हायची संधी आहे.

देशातच, दिल्लीने निराळी वाट धरली. तिथल्या सौर धोरणात तीन किलोवॅटपर्यंतच्या घराला प्रत्येक तयार झालेल्या युनिटमागे तीन रुपये प्रोत्साहन ठेवलं गेलं. बसवल्याचे पैसे एकदा आणि चालवल्याचे पैसे दर महिन्याला. पॅनेल पुसून, नीट राखून जास्त वीज काढणाऱ्याला जास्त मिळतं. महाराष्ट्रात हीच कल्पना घ्यावी आणि तिला वेळेची अट लावावी.

म्हणजे काय करावं? सूर्यघर योजनेत पहिल्या तीन ते पाच युनिट साठवणीला किलोवॅटसारखंच ठरावीक अनुदान द्यावं, त्याहून मोठी बॅटरी ज्याची त्याने घ्यावी. त्यामुळे बंगलेवाल्यांच्या एसीसाठी सरकारी पैसा जाणार नाही. बॅटरीचा जीएसटी पॅनेलइतका करावा. आयोगाने संध्याकाळच्या तासांत बाहेर आलेल्या घरगुती युनिटला वेगळा दर ठरवावा, आणि तो दहा वर्षं हलवू नये. स्मार्ट मीटर लावतोच आहोत. त्याच्याबद्दल लोकांच्या मनात राग आहे, कारण त्यातून त्यांना काय मिळणार ते कोणी दाखवलं नाही. संध्याकाळी दिलेल्या युनिटाची वेळ मोजून खात्यात जादा पैसे पडू लागले तर तो राग आपोआप ओसरेल.

‘स्मार्ट’ योजनेतल्या घरांना तर बॅटरी आधी द्यायला हवी. शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घराची वीज कधी खर्च होते? अंधार पडल्यावर. दोन दिवे, एक पंखा, टीव्ही, मोबाइल. धडगाव-अक्कलकुव्याच्या किंवा मेळघाटातल्या पाड्यावर पावसाळ्यात लाइन तुटली की दुरुस्तीची गाडी पोचायलाच वेळ लागतो. तिथे एक किलोवॅट पॅनेल दुपारी तारेत वीज ढकलणार आणि रात्री पोरगं मेणबत्तीवर अभ्यास करणार, हे बरोबर नाही. दोन युनिटांची लहान बॅटरी त्या घराची अख्खी रात्र निभावते.

शहरांतला प्रश्न वेगळा आहे. मुंबई-ठाणे-पुण्यात बहुतेकांच्या डोक्यावर स्वतःचं छत नाही, सोसायटीची गच्ची आहे. सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, चार्जिंग यांसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. एकाच गच्चीवरची वीज अनेक सदनिकांच्या बिलांत वाटून देण्याची पद्धतही केंद्राच्या योजनेत मान्य आहे. पण सर्वसाधारण सभेत ठराव मांडायला कोणी उठत नाही. सात मजल्यांच्या इमारतीत लाइट गेल्यावर लिफ्ट बंद पडून आजोबा तिसऱ्या मजल्यावर बसून राहतात, तेव्हा डिझेल जनरेटर ढणढणत असतो किंवा तोही नसतो. गच्चीवर पॅनेल आणि तळमजल्यावर बॅटरी हा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. जनरेटरच्या डिझेलची वर्षभराची पावती सोबत ठेवा, चर्चा लवकर संपेल.

बॅटरीला आक्षेपही आहेत आणि ते गंभीरपणे घ्यायला हवेत. निकृष्ट माल बाजारात येईल. आगीची भीती आहे. दहा-बारा वर्षांनी जुन्या बॅटरीचं काय, हा प्रश्न आहे. म्हणून अनुदान सरसकट न देता प्रमाणित मालाला, सुरक्षित मानल्या जाणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकाराला, लेखी हमी देणाऱ्या आणि जुनी परत घेणाऱ्या पुरवठादारालाच द्यावं. पॅनेलच्या बाबतीत देशी बनावटीची अट घालता आली, मग इथेही अटी घालता येतील.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने राज्यांना आणि कंपन्यांना सल्ला दिला की नव्या सौर निविदांबरोबर दोन तासांची साठवण मागा. छतावरच्या प्रकल्पांनाही अशी अट घालण्याचा विचार करा. दिशा बरोबर आहे, पण घरगुती ग्राहकावर नुसती अट लादली तर मध्यमवर्गीय माणूस पॅनेलचाच नाद सोडून देईल. अटीआधी मोबदला आला पाहिजे.

तोवर जे या महिन्यात पॅनेल घेणार आहेत त्यांच्यासाठी. विक्रेत्याला विचारा, लाइट गेल्यावर घर चालेल का. ‘नाही’ म्हणाला तर तो प्रामाणिक आहे. हायब्रिड इन्व्हर्टर आत्ताच घेतला तर थोडे पैसे जास्त जातात, पण बॅटरी नंतर जोडता येते. साधा घेतला तर नंतर तोच बदलावा लागतो. फ्रिज, दोन पंखे, दिवे, वायफाय यांची वायरिंग वेगळी काढून ठेवा. वापरापेक्षा फार मोठं सोलर लावू नका, मार्चअखेर उरलेली युनिटं कवडीमोलाने जातात.

आणि सगळ्यांसाठी एक विनंती. महाराष्ट्र वीज नियामक आयोग वीजदराच्या किंवा छतावरच्या सौरऊर्जेच्या नियमांचा प्रस्ताव काढतो तेव्हा जाहीर नोटीस देऊन लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतो. वकील लागत नाही. मराठीत लिहिलेलं पत्र चालतं. आजवर आपण तिथे लिहिलं ते दरवाढ नको म्हणून, नेट मीटरिंग काढू नका म्हणून. पुढच्या नोटिशीला त्याखाली आणखी एक ओळ लिहा: घरगुती बॅटरीतून संध्याकाळी दिलेल्या युनिटचा दर ठरवा.